नशिराबादचा धबधबा

आधीच सांगून टाकतो, नशिराबादला धबधबा नाही. शोधायला जाऊ नका. हायवेवर टोलनाका आहे, सिमेंटचा कारखाना आहे, केळी आहे, कपाशी आहे, आणि मे महिन्यात ४५ अंशांची भट्टी आहे. पाण्याचं म्हणाल तर ठिबकच्या नळ्यांतून थेंब थेंब पडतं तेवढंच. मी म्हणतोय तो धबधबा लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा.

सॉफ्टवेअर रेडिओ वापरणाऱ्यांना 'वॉटरफॉल' माहीत असेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे फ्रिक्वेन्सी. जिथे सिग्नल आहे तिथे उजळ ठिपका, नाही तिथे गडद निळं. दर क्षणाला वर एक नवी ओळ उमटते आणि जुन्या ओळी खाली सरकतात. बोलणारं स्टेशन म्हणजे मधोमध ठळक रेघ आणि दोन्ही बाजूंना झालरीसारखं काहीतरी हलणारं. रेडिओ डोळ्यांनी बघायचा प्रकार आहे हा. एकदा सवय लागली की साध्या रेडिओचा काटा फिरवणं म्हणजे किल्लीच्या भोकातून सिनेमा बघितल्यासारखं वाटतं.

तर मंडळी, आजचा विषय : कॉम्प्युटरवरून चालवता येणारा, लांबलचक पट्टा ऐकणारा रिसीव्हर घ्यायचा असेल तर कुठला घ्यावा? बोनसचे पैसे बँकेत होते, मनात आयकॉमचा आयसी-आर ८६०० होता. १० किलोहर्ट्झ ते ३ गिगाहर्ट्झ, स्वतःचा स्क्रीन, यूएसबीवरून लॅपटॉपला सगळा कच्चा डेटा. बाहेरची किंमतच रुपयांत दोन लाखांच्या पलीकडे, वर कस्टम्स. एवढे पैसे घालायच्या आधी म्हटलं, जरा इंजिनिअरसारखं वागू. टेस्ट करू.

थोडा इतिहास (कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा)

कॉम्प्युटरला रेडिओ जोडायची कल्पना नवी नाही. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या विनरेडिओने तर अख्खा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या पोटात बसणाऱ्या कार्डावर बसवला होता. त्याच दशकाच्या शेवटी आयकॉमने पीसीआर-१००० काढला. काळा डबा, त्याला ना बटणं ना डायल. सीरिअल पोर्टची वायर जोडायची आणि विंडोजच्या खिडकीतून १० किलोहर्ट्झ ते १३०० मेगाहर्ट्झ फिरायचं. त्या काळात ही चैन होती.

मग २०१२ साली गंमत झाली. युरोपात लॅपटॉपवर टीव्ही बघायला मिळणारं एक स्वस्त यूएसबी डोंगल होतं, आत रिअलटेकची आरटीएल-२८३२यू नावाची चिप. अँटी पालोसारी, एरिक फ्राय आणि ऑस्मोकॉमची मंडळी यांच्या खटपटीतून लक्षात आलं की ही चिप कच्चे सॅम्पल्स थेट कॉम्प्युटरला देऊ शकते. म्हणजे टीव्हीचं डोंगल हाच सर्वसाधारण रिसीव्हर! साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ, किंमत पिझ्झाच्या आसपास. (दूरदर्शनने डिजिटल प्रक्षेपणासाठी डीव्हीबी-टी२ निवडलं, हे डोंगल जुन्या डीव्हीबी-टीचं. म्हणजे ज्या कामासाठी ते बनलं ते काम सोडून बाकी सगळं ते आपल्याकडे करतं.)

उमेदवार तीन

पहिला, माझं स्वतःचं आरटीएल-एसडीआर ब्लॉगवाल्यांचं व्ही-३ डोंगल. दुसरा, ऑफिसमधल्या मित्राकडून मागून आणलेला एसडीआरप्लेचा आरएसपी-१ए : १ किलोहर्ट्झ ते २ गिगाहर्ट्झ, १४ बिट. तिसरा, पुण्यातल्या एका ज्येष्ठ हॅम काकांनी 'जपून रे बाबा' म्हणत हातात ठेवलेला तो जुना पीसीआर-१०००. आर ८६०० काही हाती लागला नाही, पण म्हटलं, आयकॉमच्या जातीचा खरा रिसीव्हर कसा वागतो ते थोरल्या भावावरून तरी कळेल.

हे सगळं हिंजवडीच्या फ्लॅटमध्येच का नाही केलं? केलं की! आठव्या मजल्यावर, बाल्कनीत तार लटकवून. शॉर्टवेव्हवर मीटर कायम एस-८, एस-९ दाखवायचा आणि ऐकू यायचं ते नुसतं गुरगुरणं. एलईडी दिवे, चार्जर, वायफाय राउटर, लिफ्ट, शेजाऱ्यांचा टीव्ही. तीन हजारांचं डोंगल लावा नाहीतर पंधरा-वीस हजारांचा डबा, दोन्हीकडे तेच गुरगुरणं. परीक्षेचा हॉलच गोंगाटाचा असेल तर हुशार पोरगा कोण आणि ढ कोण, कळणार कसं?

आपल्याच पुणे जिल्ह्यात याचं सगळ्यात मोठं उदाहरण उभं आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशेस, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरभर पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जागा निवडली त्यामागे जी कारणं होती, त्यातलं एक महत्त्वाचं कारण म्हणजे तिथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. जगातल्या नामांकित दुर्बिणींपैकी एक बांधणारी माणसं आधी जागा बघतात, आणि आपण आधी अमेझॉन बघतो.

म्हणून डिसेंबरचा लाँग वीकेंड पकडून महाराष्ट्र एक्सप्रेसने जळगाव गाठलं आणि तिथून नशिराबाद, मामांच्या शेतात.

मांडणी

मामांचं शेत गावापासून दोनेक किलोमीटर आत. विहीर, पत्र्याची शेड, केळीची बाग, पलीकडे मका आणि हरभरा. विहिरीजवळच्या कडुनिंबापासून शेडच्या कोपऱ्यापर्यंत २० मीटर तांब्याची तार ताणली. शेडपाशी ९:१ चा छोटा ट्रान्सफॉर्मर. अर्थिंगची सळई केळीच्या ओळीत, ठिबकच्या नळीशेजारी ठोकली, कारण आपली काळी जमीन कोरडी पडली की भेगाळते, ओली असली की अर्थिंगला सोन्यासारखी. तीनही रिसीव्हर आळीपाळीने याच तारेला. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढलेला.

मामा बाजेवर बसून हे सगळं बघत होते. कानाला हेडफोन लावून मी अर्धा तास गप्प बसल्यावर म्हणाले, "काय ऐकू राहिला रे भो? कोनीच तर बोलत नाही."

"अजून सूर्य मावळायचाय मामा."

यामागे साधं शास्त्र आहे. दिवसा आयनांबराचा सगळ्यात खालचा, डी नावाचा थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लांबची स्टेशनं वरच्या थरांवरून उसळी मारून खाली येतात. साडेसहा वाजता मी लॅपटॉप मामांकडे फिरवला. आशियात मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात, ५३१ पासून १६०२ पर्यंत बरोब्बर १२० जागा. धबधब्यात एकेका जागी रेघ उमटायला लागली. आधी पुसट, मग ठळक. अंधार पडेपर्यंत कंगव्याच्या दातांसारख्या रेघा झाल्या. काही हिंदी, काही गुजराती, एक अरबीसारखं काहीतरी तरंगत येणारं.

मामांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "नॅशनल चॅनल कुठीशी आहे यात?"

नॅशनल चॅनल! मला नावही ओझरतंच माहीत होतं. मामांनी सांगितलं ते असं : शेतीची लाइट रात्रीच्या पाळीला आली की पाणी भरायला रात्रभर शेतात थांबायचं, आणि सोबतीला खांद्याला ट्रान्झिस्टर. नॅशनल चॅनल रात्रभर चालायचं. १९८८ साली सुरू झालेलं हे चॅनल नागपूरजवळच्या १००० किलोवॅटच्या, म्हणजे १ मेगावॅटच्या ट्रान्समीटरवरून १५६६ किलोहर्ट्झवर लागायचं. अख्ख्या देशात रात्री पोचेल असं ते प्रकरण. मी माउस १५६६ वर नेला. नॅशनल चॅनल २०१९ उजाडता उजाडता बंद झालं, हे मी त्यांना सांगायला हवं होतं असं नाही, त्यांना माहीतच होतं. "बघ तर खरं" म्हणून विचारलं होतं त्यांनी.

निकाल, मुद्द्यांसकट

आता कामाचं बोलू.

एक : कान किती तिखट? शॉर्टवेव्हवर तिघांमध्ये मला फारसा फरक दिसला नाही. शेतात गोंगाट एस-३ वर आला होता, पुण्यापेक्षा पाच-सहा एस युनिट खाली, म्हणजे तीसेक डेसिबल. तरीही आकाशातून येणारी नैसर्गिक खरखर तिन्ही रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा जास्तच होती. ३० मेगाहर्ट्झच्या खाली हे असंच असतं. म्हणजे पुणे ते नशिराबाद या महाराष्ट्र एक्सप्रेसच्या तिकिटाने जेवढा फायदा दिला, तेवढा कुठल्याच डब्याने दिला नाही.

दोन : गर्दीत डोकं शांत राहतं का? इथे मात्र डोंगल उघडं पडतं. त्याचा कन्व्हर्टर ८ बिटचा. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल धरले तर सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजात ५०च्या आसपास डेसिबलचं अंतर ते एका वेळी पेलू शकतं. १४ बिटवाल्याला कागदावर ८६. समजा गल्लीत लग्नाचा डीजे लागलाय आणि तुम्हाला आजीचं पुटपुटणं ऐकायचंय. डोंगल डीजेला सांभाळायला आवाज कमी करतं, की आजी गेली. आवाज वाढवतं, की डीजे फाटतो आणि भलत्याच फ्रिक्वेन्सीवर त्याची भुतं दिसायला लागतात. जळगावच्या एफएम केंद्रांची अशी भुतं मला जिथे कोणी असायला नको तिथे नाचताना दिसली. व्ही-३ मध्ये शॉर्टवेव्ह तर ट्यूनरला वगळून थेट आत घेतात, त्यामुळे १४.४ मेगाहर्ट्झच्या अलीकडचं पलीकडे आणि पलीकडचं अलीकडे घडी घालून पडतं. (२०२३ मध्ये आलेल्या व्ही-४ मध्ये यासाठी आतच अपकन्व्हर्टर दिलाय, ही भानगड त्यात नाही.) आरएसपी-१ए मध्ये एफएम आणि मीडियम वेव्ह दाबणारे फिल्टर सॉफ्टवेअरमधून चालू-बंद होतात. टिकमार्क केला की भुतं गायब. पीसीआर-१००० ला तर या कशाचं काही पडलेलंच नव्हतं. जुन्या शिस्तीचा रिसीव्हर, आधी गाळतो मग ऐकतो.

तीन : कॉम्प्युटरच्या ताब्यात म्हणजे नक्की किती? माझ्या मते खरा फरक इथे आहे. पीसीआर-१००० ला कॉम्प्युटर म्हणजे रिमोट कंट्रोल. तुम्ही आज्ञा पाठवता, तो एका वेळी एक स्टेशन ऐकवतो. (लॅपटॉपला सीरिअल पोर्ट नाही, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरशी कुस्ती. दीड तास गेला.) बाकीच्या दोघांत कॉम्प्युटर हाच रेडिओ. आरएसपी-१ए वर मी २ मेगाहर्ट्झ रुंदीचं रेकॉर्डिंग लावलं : १६ बिटची सॅम्पल्स, सेकंदाला ८ एमबी, अर्ध्या तासात १४.४ जीबी. हार्डडिस्क रडते, पण त्यात अख्खी मीडियम वेव्ह असते, १२०च्या १२० जागा. सकाळी चहा पिता पिता काल संध्याकाळी सव्वासातला कुठल्याही जागेवर काय चाललं होतं ते ऐकता येतं. पुन्हा येतं, वेगळा फिल्टर लावून येतं. वेळ मागे नेणारा रेडिओ, ही गोष्ट पीसीआरच्या जमान्यात घरगुती माणसाच्या खिशात बसणारी नव्हती.

ठक्... ठक्... ठक्...

दुसऱ्या रात्री मात्र गडबड झाली. साडेआठच्या सुमारास हेडफोनमध्ये टिचकी मारल्यासारखा आवाज सुरू झाला. ठक्. ठक्. ठक्. कुठलीही फ्रिक्वेन्सी लावा, आहेच. धबधब्यावर आडव्या पांढऱ्या रेघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. सॉफ्टवेअरमध्ये दोन रेघांमधलं अंतर मोजलं : १.३ सेकंद. घड्याळ लावून घ्या इतकं नेमकं.

निसर्ग इतका शिस्तीचा नसतो. मामांना विचारलं, सव्वा-दीड सेकंदाने ठोका देणारं इथे काय आहे? मामांनी क्षणभर विचार केला आणि शेजारच्या मक्याकडे बोट दाखवलं. "झटका मशीन."

शहरी मंडळींसाठी : रानडुकरांपासून पीक वाचवायला शेताभोवती तार ताणतात आणि त्या तारेत बॅटरीवरच्या मशीनने दर सेकंद-सव्वा सेकंदाला क्षणभराचा हाय व्होल्टेज झटका सोडतात. जनावर मरत नाही, पण परत फिरकत नाही. (काही जण मशीनऐवजी तारेत थेट घरची लाइट सोडतात. त्यात माणसं मेली आहेत. ते कधीच करू नये.) शेजारचे काका रात्री जेवून आले की मशीन चालू करायचे, म्हणून साडेआठ.

आता काय करणार? काकांकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मशीन बंद नाही होनार बरं. डुकरं एका रातीत निम्मा मका झोपवता." बरोबरच होतं त्यांचं. माझा वीकेंडचा छंद आणि त्यांचा चार महिन्यांचा मका, यात तोलायचं काय? वर ते पुढे म्हणाले, "तसंही आजकाल झटका कमी बसू राहिला. परवा दोन डुकरं आत घुसली. मशीन बदलावं लागते की काय."

हे ऐकून माझी ट्यूब पेटली. तार नीट असेल तर झटका मशीनचा आवाज रेडिओत बारीक येतो. मोठा येतो तो तारेवर कुठेतरी ठिणगी पडत असली की. गवत टेकलंय, इन्सुलेटर फुटलाय, नाहीतर जोड सैल आहे. आणि जिथे ठिणगी पडते तिथेच काकांचा झटका जमिनीत वाहून जातोय! माझी तक्रार आणि काकांची तक्रार एकच होती की.

आता शोधायचं कसं? लॅपटॉप आणि २० मीटरची तार घेऊन मक्यात हिंडता येत नाही. मामांचा जुना ट्रान्झिस्टर काढला. मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी लावला. या रेडिओच्या आत फेराइटची कांडी असते, ती एका दिशेला बहिरी असते. कुंपणाच्या कडेकडेने बॅटरीच्या उजेडात आम्ही तिघं चालत निघालो : पुढे काठी आपटत काका, मागे मी रेडिओ कानाशी धरून, सगळ्यात मागे मामा. ठक् कुठे वाढतो, कुठे कमी होतो. तीन जागा सापडल्या. एकीकडे घोसाळ्याचा वेल तारेवर चढला होता. एका खांबाचा प्लास्टिकचा इन्सुलेटर तडकला होता, तिथे अंधारात निळी ठिणगी उघड दिसत होती. आणि कोपऱ्यावर दोन तारांचा नुसता पिळ मारलेला जोड, गंजलेला.

काकांनी मशीन बंद केलं, वेल कापला, इन्सुलेटर बदलला, जोड घासून घट्ट केला. पुन्हा चालू केल्यावर टेस्टर लावला. आधी दोन दिवे लागायचे, आता चार. मशीन बदलायचा खर्च वाचला. शेडमध्ये येऊन हेडफोन लावले तर ठक् ठक् होतंच, पण भिंतीपलीकडच्या घड्याळासारखं. सॉफ्टवेअरमधल्या नॉइज ब्लँकरने उरलंसुरलं पुसून टाकलं.

तिसऱ्या रात्री काकांनीच भरताचा बेत केला. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, कळण्याची भाकरी, वर कच्चा कांदा. जळगावचं भरीत डिसेंबरात शेतात बसून खाल्लं नसेल तर तुमचं आयुष्य... असो. विषय रेडिओचा आहे.

ऐकायचं काय पण?

हा प्रश्न मामांनी भाकरी मोडता मोडता विचारला, आणि तो टाळण्यासारखा नाही. "एवढं दोन लाखाचं मशीन घेशील, त्याच्यात लागनार काय? दोन लाखात माझ्या दुसऱ्या तुकड्याला ठिबक येईल."

खरं सांगायचं तर पट्टा रिकामा होत चाललाय. मामांच्या वडिलांच्या पिढीला सिनेमाची गाणी ऐकायला सिलोन लावावं लागायचं, कारण बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर ती जवळजवळ हद्दपार होती. 'बिनाका गीतमाला' १९५२ साली सिलोनवरूनच सुरू झाली. विविध भारती आली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. तेव्हा ऐकायला भरपूर होतं, पण रेडिओ महाग, आणि पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स काढावं लागायचं. आज रिसीव्हर पिझ्झाच्या भावात मिळतो, तर बीबीसी हिंदीने ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्ह सोडली, आणि नॅशनल चॅनल तर गेलंच. हवामानाचे फोटो पाठवणारे नोआचे तीन जुने उपग्रह, ज्यांच्यावर जगभरच्या हौशी मंडळींनी हात साफ केला, तेही २०२५च्या जून ते ऑगस्टमध्ये एकेक करून निवृत्त झाले.

पण अगदीच काही नाही असंही नाही. १३७ मेगाहर्ट्झवर रशियाच्या मीटिअर मालिकेतले उपग्रह रंगीत फोटो पाठवतात. त्यासाठी अँटेना म्हणजे साडेत्रेपन्न सेंटिमीटरच्या दोन सळया, १२० अंशात. बस्स. १०९० मेगाहर्ट्झवर प्रत्येक विमान स्वतःची जागा ओरडून सांगत असतं. ११ किलोमीटर उंचीवरचं विमान सरळ रेषेत ४०० किलोमीटरच्या पलीकडूनही 'दिसू' शकतं, त्यामुळे नशिराबादच्या पत्र्याच्या शेडवरून मुंबईकडून नागपूर-कोलकात्याकडे निघालेली रांग नकाशावर दिसते. मामींना हे फार आवडलं. शिवाय आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा १४५.८ मेगाहर्ट्झ आहे, हॅम मंडळींच्या गप्पा आहेत, रात्रीची मीडियम वेव्ह आहे.

आणि हो, एक गंभीर सूचना. रिसीव्हरला सगळं ऐकू येतं म्हणून सगळं ऐकायचं नसतं. १९३३चा वायरलेस टेलिग्राफी कायदा आणि आता त्याच्या जागी आलेला २०२३चा दूरसंचार कायदा, दोन्हीकडे बिनपरवाना वायरलेसकडे कडक नजरेने बघितलं आहे. पोलीस, लष्कर, कुणाचं खाजगी बोलणं, यांच्या वाटेला जाऊ नका. छंद वाढला तर सरळ हॅमची परीक्षा द्या. लायसन्स असलं की सामानही उजळ माथ्याने बाळगता येतं.

मग घेऊ कुठला?

माझं मत, तुम्ही विचारलंत म्हणून :

पहिल्यांदा घेत असाल तर डोंगल, जमल्यास व्ही-४. त्याच्याबरोबर वाचलेले पैसे तारेवर, कनेक्टरवर आणि प्रवासावर घाला. शॉर्टवेव्ह-मीडियम वेव्हचं वेड असेल, किंवा जवळ मोठा ट्रान्समीटर असेल, तर १४ बिटवाला आरएसपी. १ए ची जागा २०२४ मध्ये १बी ने घेतलीय, स्वभाव तोच. जुना पीसीआर स्वस्तात चालून आला तर प्रेमापोटी घ्या, कामापोटी नको. आणि आर ८६०० ज्याला परवडतो आणि ज्याच्या घराभोवती शांतता आहे त्याने घ्यावा. माझ्याकडे आठवा मजला आहे. एस-९ची गुरगुर ऐकायला दोन लाख जास्त होतात.

मग मी काय केलं? डोंगल मामांच्याच शेडमध्ये ठेवून आलो. त्याला एक रास्पबेरी पाय, सोलर पॅनलवर चालणारी १२ व्होल्टची बॅटरी आणि मोबाइलचं सिम. रिसीव्हर शांततेत, मी गोंगाटात, मधे इंटरनेट. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर २००८ पासून जगाला असाच ऐकायला मिळतोय, आपली ही घरगुती आवृत्ती. फक्त एक हिशेब लक्षात घ्या : डोंगलचे कच्चे सॅम्पल्स २.४ एमएसपीएसला सेकंदाला ३८ मेगाबिट खातात, आणि शेतातल्या सिमचा अपलोड तेवढा नसतो. म्हणून पायवर ओपनवेबआरएक्स टाकलं. तेच तिकडे स्टेशन सोडवतं आणि इकडे फक्त आवाज आणि धबधब्याचं चित्र पाठवतं. तेवढं टू-जीच्या वरच्या कुठल्याही नेटवर निभतं. व्ही-३च्या घडीवर उपाय म्हणून तारेला एक लो-पास फिल्टर लावलाय. बोनस अजून बँकेत आहे. ठिबकचं कोटेशन मामा मागवतायत, अर्धे पैसे माझे असं ठरलंय.

गेल्या गुरुवारी रात्री ऑफिसचा कॉल म्यूटवर टाकून मी ७ मेगाहर्ट्झ ऐकत होतो, तर धबधब्यावर पुन्हा पांढऱ्या शिडीच्या पायऱ्या दिसायला लागल्या. मोजलं. १.३ सेकंद. मामांना फोन लावला आणि सांगितलं, "काकांना म्हणावं तारेला कुठेतरी गवत टेकलंय."

वीस मिनिटांनी मामांचा मिस्ड कॉल आला, आणि पायऱ्या पुसट झाल्या.